छोट्या ग्रामीण आपत्कालीन पथकासाठी परवडणारी बिनतारी यंत्रणा: निधी आधी कुठे खर्च करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ग्रामीण बचाव पथकाकडे एक रुग्णवाहिका, एक अग्निशमन गाडी आणि पंधरा-वीस स्वयंसेवक आहेत. आजवरचे काम मोबाइल फोनवर आणि कोणीतरी हौसेने आणलेल्या दोन-चार वॉकीटॉकींवर भागले. आता मर्यादित निधी हाती आला असून त्यात कोणती वॉकीटॉकी घ्यावी, डिजिटल घ्यावी की ॲनालॉग, आणि वापरलेले जुने संच घेतले तर चालतील का, असे विचारले आहे.

वॉकीटॉकीची, म्हणजे हातसंचाची, निवड ही या खरेदीतली शेवटची पायरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या पथकाचा निधी सर्वांत आधी अँटेनाच्या उंचीवर, त्या अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलवर आणि गाड्यांत पक्क्या बसवलेल्या संचांवर खर्च व्हायला हवा. ही बाजू भक्कम असेल तर मध्यम दर्जाचा हातसंचही उत्तम काम देतो, आणि ती कच्ची असेल तर सर्वांत महागडा हातसंचसुद्धा टेकडीच्या पलीकडे मुका होतो. दुकानात हातात घेऊन पाहता येतो तो हातसंच; छपरावरची अँटेना कोणी हातात घेऊन पाहत नाही. त्यामुळे निधी चुकीच्या जागी जातो.

मात्र उंचीचा विचार करण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे आपल्याला कोणाशी बोलायचे आहे. आपल्याच लोकांशी बोलणे हा गरजेचा अर्धाच भाग झाला. मोठी आग लागली, पूर आला किंवा बस दरीत कोसळली की शेजारचे पथक, जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष, पोलीस आणि रुग्णालय हे सगळे एकाच वेळी लागतात. म्हणून शेजारच्या यंत्रणा वारंवारतेच्या कोणत्या पट्ट्यात (बँडमध्ये) आणि कोणत्या पद्धतीने काम करतात, हे आधी लेखी विचारून घ्यावे. ते व्हीएचएफ पट्ट्यात, म्हणजे सर्वसाधारणपणे १३६ ते १७४ मेगाहर्ट्‌झमध्ये, असतील तर आपणही तिथेच जावे, आणि ते यूएचएफमध्ये, म्हणजे साधारण ४०० ते ४७० मेगाहर्ट्‌झमध्ये, असतील तर आपणही यूएचएफच घ्यावे. डोंगराळ आणि झाडीच्या प्रदेशात व्हीएचएफ अधिक चांगले पोहोचते आणि काँक्रीट-लोखंडाच्या इमारतींच्या आत यूएचएफ अधिक चांगले शिरते, हा फरक खरा आहे. पण ज्याच्याशी बोलायचे त्याचा पट्टाच वेगळा असेल तर त्या फरकाचा काही उपयोग नाही. कोणी सांगणारे नसेल आणि निवड पूर्णपणे आपल्या हाती असेल, तर मोकळ्या ग्रामीण भागासाठी मी व्हीएचएफ सुचवीन.

याच टप्प्यावर परवान्याची चौकशी करावी. बहुतेक देशांत आपत्कालीन सेवांसाठी राखीव वारंवारता असतात, त्यांचे शुल्क सवलतीचे असते किंवा नसतेच, आणि त्यांच्यावर वापरायच्या संचांना विशिष्ट प्रकारची मान्यता लागते. मान्यता नसलेला संच स्वस्त मिळाला म्हणून घेतला आणि पुढे तो बंद ठेवावा लागला, तर ती खरेदी स्वस्त म्हणता येत नाही. विनापरवाना पट्ट्यांवर मुख्य यंत्रणा उभारण्याचा मोहही टाळावा. युरोपातील पीएमआर ४४६ सारख्या पट्ट्यात शक्ती ०.५ वॉटपर्यंतच मर्यादित असते आणि अँटेना बदलता येत नाही. असे संच घटनास्थळी वाहतूक वळवणाऱ्या किंवा पाण्याचे टँकर लावणाऱ्या स्वयंसेवकांना देण्यापुरते ठीक आहेत.

आता उंचीकडे वळतो, कारण सगळे उत्तर तिथेच आहे. व्हीएचएफ आणि यूएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्यांचा पल्ला मर्यादित होतो. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर मिळते, आणि दोन्ही टोकांच्या अंतरांची बेरीज केली की सपाट जमिनीवरची कमाल मर्यादा कळते. छातीपाशी दीड मीटरवर धरलेल्या हातसंचाचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटर येते, म्हणजे दोन हातसंचांमध्ये कागदावर १० किलोमीटर. प्रत्यक्षात झाडे, घरे, चढउतार आणि बोलणाऱ्याचे स्वतःचे शरीर यांमुळे २ ते ४ किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ झाले. तोच हातसंच पथकाच्या केंद्रावर २० मीटर उंच बसवलेल्या (बेस) अँटेनाशी बोलत असेल तर मर्यादा २३ किलोमीटरवर जाते, आणि आसपासच्या प्रदेशापेक्षा १०० मीटर उंच टेकडीवर अँटेना असेल तर ४६ किलोमीटरवर. खोक्यावर छापलेला "२० किलोमीटर पल्ला" बहुधा एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे बोलून मोजलेला असतो.

वॉट वाढवून हे अंतर भरून काढता येईल असे पुष्कळांना वाटते. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते. जमिनीलगतच्या संदेशवहनात परावर्तित लहरही हिशेबात येत असल्यामुळे ती साधारण सोळापट लागते. याचा अर्थ ५ वॉटऐवजी ५० वॉट वापरल्यावर पल्ला दहापट तर नाहीच, दुप्पटही होत नाही. याच हिशेबाने अँटेना ५ मीटरवरून २० मीटरवर नेली तर तिचा परिणाम शक्ती सोळापट केल्याइतका होतो. शिवाय यात एक फरक आहे आणि खरेदी करणारे नेमका तोच विसरतात: वाढवलेले वॉट फक्त जाणाऱ्या संदेशाला मदत करतात, वाढवलेली उंची येणाऱ्या संदेशालाही करते. ठाण्यात, म्हणजे पथकाच्या मुख्य केंद्रात, ५० वॉटचा संच आणि कमी उंचीची अँटेना असेल, तर ठाण्याचे बोलणे सगळ्यांना ऐकू येते, पण घटनास्थळावरच्या ५ वॉटच्या हातसंचाचे उत्तर ठाण्याला ऐकू येत नाही. आपत्तीत महत्त्वाचे बोलणे घटनास्थळाकडून येत असते. म्हणून ठाण्यासाठी मी २५ वॉटचा संच आणि उंच अँटेना ही जोडी ५० वॉट आणि ठेंगण्या खांबापेक्षा नेहमी वरची मानतो.

मनोरा उभारायला पैसे नसले तरी हताश होण्याचे कारण नाही. गावात पाण्याची उंच टाकी, धान्याचे कोठार, शाळेची गच्ची किंवा एखाद्या प्रार्थनास्थळाचा कळस असतोच. तिथे अँटेना बसवण्याची लेखी परवानगी मिळवणे हे अनेकदा शून्य खर्चाचे आणि सर्वाधिक फायद्याचे काम ठरते. एक अट मात्र सांभाळावी: जिथे आधीच मोबाइलचे किंवा प्रक्षेपणाचे अनेक अँटेना आहेत अशी जागा निवडताना संचाचा ग्राहक भाग, म्हणजे संदेश ऐकणारा रिसीव्हर, चांगल्या दर्जाचा लागतो, नाहीतर शेजारच्या जोरदार लहरींनी तो बहिरा होतो.

केबलविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे वाचवलेला पैसा सर्वांत महाग पडतो. आरजी-५८ ही बारीक, लवचीक आणि स्वस्त केबल १५० मेगाहर्ट्‌झला दर १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबल (शक्तीतली घट मोजायचे एकक) खाते. २० मीटरच्या खांबासाठी वळणावाकणांसह ३० मीटर केबल लागली असे धरले, तर सुमारे ६ डेसिबल वाटेतच जातात, म्हणजे संचातून निघालेल्या शक्तीतला जेमतेम पाव भाग अँटेनापर्यंत पोहोचतो. येणाऱ्या क्षीण संदेशाचेही तसेच होते. एलएमआर-४०० जातीची जाड केबल त्याच लांबीत दीड डेसिबलच्या आसपास घेते, म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक शक्ती वर जाते. यूएचएफमध्ये दोन्ही केबलींचे नुकसान जवळपास पावणेदोन पटींनी वाढते, त्यामुळे तिथे बारीक केबलचा विचारच करू नये. तिची जागा गाडीतल्या चार-पाच मीटरांपुरती आहे. वरच्या टोकाचा जोड स्वतःला चिकटणाऱ्या रबरी पट्टीने पाणबंद करावा, कारण केबलमध्ये शिरलेले पाणी हळूहळू आत उतरते आणि बाहेरून काही कळत नाही. मनोऱ्याचे, केबलच्या बाह्य आवरणाचे आणि इमारतीच्या विजेचे अर्थिंग एकमेकांना जोडलेले असावे आणि केबल इमारतीत शिरते तिथेच आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक बसवावा. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. इथे हौशी प्रयोग नकोत.

गाडीतला संच हा ग्रामीण पथकाचा खरा कणा होय. गाडीच्या छताच्या मध्यभागी बसवलेली साधी पाव तरंगलांबीची अँटेना व्हीएचएफला सुमारे अर्धा मीटर उंच असते, खालचा पत्रा तिला लागणाऱ्या विद्युत जमिनीचे (ग्राउंडचे) काम करतो, आणि गाडीच्या बॅटरीवर २५ ते ५० वॉट सहज मिळतात. त्याउलट हातसंचाची आखूड रबरी अँटेना व्हीएचएफवर मुळातच अशक्त असते आणि संच कमरेला अडकवला की शरीर उरलेसुरले शोषून घेते. हातसंच घेऊन गाडीत बसलेल्या माणसाची अवस्था तर सर्वांत वाईट असते, कारण तो पत्र्याच्या पेटीत बसून बोलत असतो. म्हणून प्रत्येक गाडीत पक्का संच असलाच पाहिजे. त्याची वीज थेट बॅटरीवरून, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घालून घ्यावी. ५० वॉटचा संच बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो, आणि सिगारेट लायटरचे भोक त्यासाठी बनलेले नाही. अँटेनासाठी छताला भोक पाडायला गाडीचे मालक कचरतात. चुंबकी बैठकीची अँटेना तात्पुरती चालते, पण फांद्यांखालून जाणाऱ्या अग्निशमन गाडीवर ती फार दिवस टिकत नाही.

आता हातसंच. यात दोन वेगळे बाजार आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. एकीकडे व्यावसायिक वापरासाठी बनवलेले मान्यताप्राप्त संच असतात. दुसरीकडे २०१२ मध्ये आलेल्या बाओफेंग यूव्ही-५आरपासून लोकप्रिय झालेले दोन पट्ट्यांवर चालणारे अतिस्वस्त संच असतात, ज्यांचा बहुतेक रेडिओ एकाच चिपमध्ये सामावलेला असतो. या दुसऱ्या प्रकाराला सरसकट टाकाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. मोकळ्या माळावर ते बोलतात आणि ऐकतात. माझे आक्षेप तीन आहेत. एक, जवळपास जोरदार प्रक्षेपक असला की त्यांचा ग्राहक भाग दबून जातो, आणि मोठ्या घटनेत चार-पाच गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहून बोलत असतात तेव्हा नेमकी हीच परिस्थिती असते. दोन, त्यांच्या कळफलकावरून वारंवारता कोणालाही बदलता येते; घाईत चुकून एखादी कळ दाबली गेली की स्वयंसेवक भलत्याच वारंवारतेवर पोहोचतो आणि आपण एकटे पडलो आहोत हे त्याला कळतही नाही. तीन, यांतले अनेक संच आपत्कालीन वारंवारतांवर बोलण्यासाठी मान्य नसतात. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने अशा संचांची विक्री आणि वापर यांविरुद्ध २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला होता. हौशी रेडिओसाठी बनवलेले संचही चांगले असले तरी याच कारणाने पथकाच्या वारंवारतेवर बहुतेक ठिकाणी चालत नाहीत.

व्यावसायिक हातसंचात सर्वांत महाग प्रकार घ्यायची गरज नाही. मला हव्या असलेल्या गोष्टी साध्या आहेत: ४ ते ५ वॉट शक्ती, मार्गिका (चॅनेल) निवडण्यासाठी सोळा खटक्यांची फिरती कळ, हातमोजे घालूनही दाबता येईल असे बोलण्याचे मोठे बटण, आणि खांद्यावर लावायचा जोड-माइक. पडदा आणि अंकांचा कळफलक बहुतेक स्वयंसेवकांना नको असतो. तो काढला की किंमत उतरते आणि चुकाही कमी होतात. पाण्यापासून संरक्षणाच्या आयपी ५४ आणि आयपी ६७ या दर्जांत मोठा फरक आहे. पहिला उडणाऱ्या पाण्यापुरता आहे, तर दुसऱ्यात संच एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणे अपेक्षित असते. पुराचे आणि आगीचे काम करणाऱ्यांनी ६७ घ्यावा, रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना ५४ पुरतो. हा दर्जा नव्या संचाचा असतो, हे विसरू नये. जोड-माइकच्या भोकावरचे रबरी झाकण हरवले की तो दर्जा संपला. ज्वालाग्राही वायूच्या ठिकाणी जाणाऱ्यांसाठी स्फोटसुरक्षित प्रमाणपत्र असलेले संच वेगळे असतात, आणि अशा संचाला बाजारातली साधी बॅटरी लावली की ते प्रमाणपत्र निरर्थक होते. सगळ्या पथकाला असे संच देणे परवडत नाही, पण ज्या दोघा-तिघांना गळतीच्या ठिकाणी पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी काटकसर करू नये.

हातसंचाची किंमत काढताना दुसरी बॅटरी, चार्जर आणि जोड-माइक धरूनच काढावी. कारखान्याने सांगितलेले तास साधारणपणे ५ टक्के बोलणे, ५ टक्के ऐकणे आणि ९० टक्के शांतता या गृहीतावर असतात. बचावकार्यात बोलणे याच्या कितीतरी पट होते आणि दहा तासांची बॅटरी चार-पाच तासांत मान टाकते. लिथियम बॅटरी तीन-चार वर्षांत वापर असो वा नसो थकतेच, म्हणून ती बदलण्याची तरतूद खरेदीच्याच दिवशी करावी. साध्या पेन्सिल सेलवर चालणारी पेटी एखाद्या नमुन्याला मिळत असेल तर तो नमुना मी थोडे जास्त पैसे देऊनही घेईन, कारण तीन दिवस वीज नसताना सेल गावातल्या दुकानात मिळतात, चार्ज केलेल्या बॅटऱ्या मिळत नाहीत.

डिजिटल की ॲनालॉग, हा वाद जितका रंगवला जातो तितका अवघड नाही. ॲनालॉग एफएम, म्हणजे आवाज अंकांत न बदलता पाठवण्याची जुनी पद्धत, ही आजही बहुतेक कंपन्यांच्या संचांत असलेली समान भाषा आहे. डिजिटलमध्ये डीएमआर हे मानक युरोपीय संस्था एटसीने २००५ मध्ये प्रसिद्ध केले, ते १२.५ किलोहर्ट्‌झच्या एकाच मार्गिकेत वेळेचे दोन तुकडे करून दोन संभाषणे चालवते. उत्तर अमेरिकेत सार्वजनिक सुरक्षेसाठी पी२५ हे डिजिटल मानक रुजले, युरोपात आणि इतरत्र टेट्रा. यांपैकी एका पद्धतीचा संच दुसऱ्या पद्धतीच्या संचाशी डिजिटल रीतीने बोलू शकत नाही. डिजिटलचे फायदे खरे आहेत: कोण बोलतो आहे ते कळते, स्थान कळते, सांकेतिकीकरण (एन्क्रिप्शन) चालू केले तर रुग्णाची माहिती उघड्यावर जात नाही, आणि डीएमआरमध्ये प्रक्षेपक निम्माच वेळ चालू राहत असल्याने बॅटरी जास्त टिकते. तोटेही तितकेच खरे आहेत. ॲनालॉग संदेश क्षीण होताना खरखर वाढते, ऐकणारा सावध होतो आणि दोन पावले उंचावर जातो; डिजिटल संदेश शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकाएकी तुटतो. आवाजाचे अंकीकरण करणारी प्रक्रिया माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली असते, त्यामुळे पाण्याचा पंप, करवत किंवा भोंगा शेजारी चालू असेल तर तिच्यातून शब्दांचा चिखल बाहेर पडतो. आगीवर काम करणाऱ्यांनी खरेदीपूर्वी चालू पंपाशेजारी उभे राहून ऐकण्याची चाचणी घ्यावीच.

म्हणून माझा सल्ला असा: शेजारची यंत्रणा आधीच डिजिटल असेल तर तिचीच पद्धत घ्यावी. ती ॲनालॉग असेल पण पुढच्या काही वर्षांत बदलणार असल्याचे लेखी कळत असेल, तर दोन्ही पद्धतींचे संच घेऊन आज ते ॲनालॉगवर चालवावे. यांपैकी काहीच लागू नसेल तर साधे ॲनालॉग घ्यावे आणि वाचलेला पैसा मनोऱ्याला द्यावा.

वापरलेल्या संचांना माझा विरोध नाही, उलट छोट्या पथकाला खरी बचत इथेच होते, फक्त काय घ्यायचे ते कळले पाहिजे. गाडीतले जुने व्यावसायिक संच घ्यावेत, जुने हातसंच शक्यतो टाळावेत. गाडीतला संच डॅशबोर्डखाली शांतपणे जगलेला असतो, तर हातसंच शेकडो वेळा पडलेला, भिजलेला आणि बॅटरी थकलेला असतो. घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, तो १२.५ किलोहर्ट्‌झच्या अरुंद मार्गिकेवर चालतो का. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून १५० ते ५१२ मेगाहर्ट्‌झमधील बहुतेक व्यावसायिक आणि सार्वजनिक सुरक्षेच्या परवान्यांना अरुंद मार्गिका सक्तीची झाली, आणि त्यामुळे फक्त रुंद मार्गिकेवर चालणारे असंख्य संच बाजारात स्वस्तात आले. रुंद आणि अरुंद संच एकत्र वापरले की एकाचा आवाज दबका आणि दुसऱ्याचा फाटका येतो. दुसरी, त्याचे प्रोग्रामिंग, म्हणजे संचात मार्गिका भरण्याचे काम, कशाने होते. मोटोरोला जीएम३०० सारखे दणकट जुने संच अजून चालतात, पण त्यांचे सॉफ्टवेअर डॉस या विंडोजपूर्व संगणक प्रणालीच्या काळातले आहे आणि त्यासाठी जुना संगणक सांभाळणारा माणूस शोधावा लागतो. तिसरी, विक्रेता तपासणी यंत्रावरचे आकडे देतो का: वारंवारतेची अचूकता, प्रत्यक्ष वॉट, आणि रिसीव्हरची संवेदनशीलता, जी चांगल्या संचात पाव मायक्रोव्होल्टच्या आसपास असते. आकडे देत नसेल तर दुसरा विक्रेता पाहावा.

रिपीटर कधी घ्यावा, हा पुढचा प्रश्न येतोच. टेकडीवरचा रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि दुसऱ्या वारंवारतेवर तेच तत्क्षणी पुन्हा प्रक्षेपित करतो, त्यामुळे दरीतले दोन हातसंचही एकमेकांशी बोलू शकतात. पण त्याच्यासोबत डुप्लेक्सर (एकाच अँटेनावरून एकाच वेळी ऐकणे आणि बोलणे शक्य करणारा भाग), सौरपट्ट्या, बॅटऱ्या, कुंपण, पावसाळ्यात तिथे चढून जाण्याचा रस्ता आणि चढणारा माणूस हे सगळे विकत घ्यावे लागते. आधी ठाण्याची अँटेना उंच करावी, गाड्यांत संच बसवावेत आणि सहा महिने काम करून पाहावे. ठाण्यावरच्या माणसाला सगळे ऐकू येत असेल तर तोच एकाचा निरोप दुसऱ्याला सांगू शकतो. हा तोंडी रिपीटर संथ असतो, पण त्याची बॅटरी संपत नाही. तरीही मोठे आंधळे प्रदेश उरले तर रिपीटर घ्यावा, आणि तो बंद पडल्यावर वापरायची थेट बोलण्याची मार्गिका प्रत्येक संचात असावी.

मोबाइल जाळ्यावर चालणारे वॉकीटॉकी ॲप किंवा सिमकार्डाचे संच सध्या फार स्वस्तात मिळतात. रोजच्या कामाला ते सोयीचे आहेत आणि दुसरी फळी म्हणून अवश्य ठेवावेत. मुख्य यंत्रणा म्हणून ठेवू नयेत. २००५ च्या कतरिना चक्रीवादळात अमेरिकेच्या किनारपट्टीवर हजाराहून अधिक मोबाइल केंद्रे बंद पडली होती. वीज गेली, बॅटरी उतरली आणि केबल तुटली की मनोरा उभा असूनही जाळे नाहीसे होते, आणि ही तिन्ही कारणे आपत्तीसोबतच येतात.

हाच नियम आपल्या ठाण्यालाही लागू आहे, म्हणून विजेचा हिशेब करून ठेवावा. २५ वॉटचा संच बोलताना सुमारे ६ अँपिअर आणि नुसता ऐकताना ०.४ अँपिअर घेतो. चोवीस तासांत मिळून एक तास बोलणे धरले तर दिवसाला सुमारे १५ अँपिअर-तास लागतात, दोन दिवसांना ३०. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, त्यामुळे ६० हवी, आणि तिचे वय धरून ८० घ्यावी. ही बॅटरी चार्जरवर कायम जोडलेली असावी आणि संच नेहमी तिच्यावरूनच चालावा, म्हणजे वीज गेली हे संचाला कळणारही नाही.

मार्गिकांची आखणी फुकट असते आणि म्हणूनच दुर्लक्षित राहते. प्रत्येक संचात, मग तो गाडीतला असो वा हातातला, त्याच क्रमांकावर तीच मार्गिका असावी: १ वर मुख्य, २ वर घटनास्थळाची थेट मार्गिका, ३ वर शेजाऱ्यांची, आणि असेच पुढे. बोलण्यासोबत पाठवल्या जाणाऱ्या खालच्या पट्टीच्या स्वरांनी, म्हणजे ६७ ते २५४ हर्ट्‌झच्या सीटीसीएसएस स्वरांनी, संभाषण खासगी होते असा गैरसमज आहे. ते फक्त आपल्या कानावर पडदा टाकतात: तो स्वर नसलेले बोलणे आपल्या संचात ऐकू येत नाही. प्रक्षेपणात स्वर जरूर ठेवावा, पण शेजाऱ्यांसोबतच्या मार्गिकेवर ऐकताना तो बंद ठेवावा, नाहीतर स्वर न लावलेल्या परक्या पथकाची हाक कोणालाच ऐकू येणार नाही. बचावासाठी हेलिकॉप्टर येण्याची शक्यता असेल तर लक्षात ठेवावे की विमानांचा ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा एएम पद्धतीचा आहे आणि आपला एफएम संच त्यावर बोलू शकत नाही. संपर्क कसा करायचा ते त्या सेवेशी आधीच ठरवावे.

प्रश्नकर्त्यांच्या पथकासाठी मी खर्चाचा क्रम असा लावीन. आधी उसने संच घेऊन एक माणूस ठाण्यावर आणि एक गाडीत असे सगळ्या वाड्यावस्त्या फिरावे आणि प्रत्येक ठिकाणी एक ते पाच गुण द्यावेत: थोडे लक्ष देऊन समजते पण क्वचित पुन्हा विचारावे लागते, त्याला तीन. तीनच्या खालची ठिकाणे नकाशावर रंगवली की अँटेना किती उंच हवी ते नकाशाच सांगतो. मग ठाण्याची अँटेना, जाड केबल, अर्थिंग, संच आणि बॅटरी. त्यानंतर दोन्ही गाड्यांचे संच, जे वापरलेले चालतील. उरलेल्या पैशांत पंधरा हातसंचांऐवजी चांगले सहा घ्यावेत, प्रत्येकी दोन बॅटऱ्यांसह. बाकीच्या स्वयंसेवकांना बोलायचे नसते, त्यांना फक्त बोलावणे कळायला हवे असते; त्यासाठी केवळ ऐकणारे पेजर पुरतात.

खरेदीच्या करारात दोन अटी लेखी घालाव्यात. अँटेना बसवल्यावर प्रत्येक ठिकाणचे एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारे प्रमाण) मोजून त्याची नोंद द्यावी: १.५ असेल तर सुमारे ४ टक्के शक्ती परत फिरते आणि ते चालते. ३ असेल तर २५ टक्के परत फिरते आणि ते काम पुन्हा करून घ्यावे. याच नोंदीशी दरवर्षीचे मोजमाप ताडून पाहिले की केबलमध्ये शिरलेले पाणी वेळीच सापडते. दुसरी अट अशी की प्रत्येक नमुन्याची प्रोग्रामिंग फाइल, तिचा पासवर्ड आणि जोडणीची केबल पथकाच्या ताब्यात द्यावी. ही अट नसेल तर पुढे एक मार्गिका बदलण्यासाठीसुद्धा सगळे संच उचलून त्याच विक्रेत्याकडे न्यावे लागतात, आणि त्याचे शुल्क मूळ दरपत्रकात कुठेही दिसत नाही.